‘आजोबांचे डोके हँग झाले’ असे म्हणण्यापूर्वी

ज्येष्ठांना दवाखान्यात घेऊन येणारी मंडळी हल्ली त्यांच्या तक्रारी संगणकाच्या भाषेत सांगू लागली आहेत. ‘आईची मेमरी फुल झाली’, ‘बाबांचे डोके मध्येच हँग होते’, ‘जुने सगळे सेव्ह आहे, नवीन मात्र काही सेव्ह होत नाही’, अशी वाक्ये घुग्घुससारख्या कोळसा आणि सिमेंटच्या गावातही रोज कानांवर पडतात. कधी कधी ज्येष्ठ स्वतःच हसून म्हणतात, “डॉक्टर, मशीन जुनी झाली, आता काय व्हायचे!”

थट्टेपुरती ही भाषा वापरली तर बिघडत नाही. परंतु उपमा केवळ बोलण्यापुरती राहत नाही, तिच्यावरून पुढे काय करायचे तेही ठरू लागते. यंत्र जुने झाले असे घराने एकदा मनाशी ठरवले की तपासणी टळते, औषधांचा आढावा राहून जातो आणि बरा होण्याजोगा आजारही ‘वयाचा परिणाम’ म्हणून अंगावर काढला जातो. म्हणूनच मनाला संगणक म्हणण्याची ही कल्पना आली कोठून, ती कोठवर खरी आहे आणि कोठे आपल्याला चकवते, हे तुम्ही समजून घ्यावे असे वाटते.

उपमेचा जन्म

मन डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक काळाने आपल्याजवळच्या सर्वांत नवलाच्या वस्तूशी त्याची तुलना केली. प्राचीन ग्रीसमध्ये प्लेटोने स्मरणाला मेणाच्या पाटीची उपमा दिली. सतराव्या शतकात देकार्तला शरीरातील हालचाली राजोद्यानांतील पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांसारख्या भासल्या. पुढे टेलिफोन आला आणि मेंदू हे टेलिफोन एक्स्चेंज आहे असे लिहिले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या मध्यावर संगणक आला, तेव्हा ही जागा त्याने घेतली.

मानसशास्त्रात त्या वेळी अमेरिकेत वर्तनवादाचा पगडा होता. माणसाला काय दिसले आणि त्याने काय केले एवढेच मोजावे, मध्ये मनात काय घडले ते विचारू नये, असा त्याचा दंडक होता. संगणकाने ही कोंडी फोडली. एका निर्जीव यंत्रात माहिती आत जाते, साठवली जाते, तिच्यावर प्रक्रिया होते आणि उत्तर बाहेर येते, हे सारे नेमकेपणाने मांडता येत असेल, तर माणसाच्या मनाविषयीही तसे प्रश्न विचारायला काय हरकत, असा विचार पुढे आला. ११ सप्टेंबर १९५६ रोजी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झालेल्या परिषदेत अॅलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणारी संगणकप्रणाली मांडली. त्याच बैठकीत भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचीही भाषणे झाली. बोधात्मक विज्ञानाचा जन्म त्या दिवशी झाला, असे मिलर पुढे म्हणत असत. १९६८ मध्ये अॅटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी स्मृतीचे तीन कप्पे सांगितले: इंद्रियांवर क्षणभर उमटणारी, थोडा वेळ टिकणारी आणि दीर्घकाळ राहणारी स्मृती. या मांडणीवर संगणकाच्या रचनेची छाप स्पष्ट दिसते.

आपल्याकडेही संगणक याच काळात आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. भटकर हे आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातले. आज तोच संगणक मोबाइलच्या रूपाने आजीच्या उशाशी आहे. साहजिकच त्याची भाषाही आपल्या जिभेवर रुळली.

जेथे उपमा उपयोगी पडते

या तुलनेने आपल्याला पुष्कळ शिकवले, हे मान्य केले पाहिजे. मिलर यांनी १९५६ मध्येच दाखवले की माणूस एका वेळी साधारण सात, म्हणजे पाच ते नऊ सुट्या गोष्टीच ध्यानात धरू शकतो. पुढच्या संशोधनाने हा आकडा चारच्या आसपास आणला. आता नोव्हेंबर महिना आठवा. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा आहे, केंद्रावर गर्दी आहे, मोबाइलवर सहा आकडी ओटीपी आला आहे आणि मागून कोणी तरी ‘लवकर सांगा बाबा’ म्हणून घाई करीत आहे. खाणीत तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या गृहस्थांना ते सहा आकडे संदेश मिटताच आठवत नाहीत. हा स्मृतिभ्रंश नव्हे. ही क्षणिक स्मृतीची मर्यादा आहे. वयानुसार ती थोडी घटते आणि घाईने, गोंगाटाने आणखी घटते. उपायही सोपा आहे. आकडे दोन-दोनच्या जोड्यांनी वाचावेत, कागदावर लिहून घ्यावेत आणि मागे उभे राहणाऱ्याने गप्प राहावे.

दुसरा धडा ‘आत काय गेले’ याविषयीचा आहे. यंत्रात माहिती नीट शिरलीच नाही तर ती बाहेर कशी येणार? आजीला काल सांगितलेले आठवत नाही असे वाटते, तेव्हा तिला ते ऐकू आले होते का, हे आधी पाहा. कानात मळ साचलेला असतो, मोतीबिंदू पिकलेला असतो, चष्म्याचा नंबर बदललेला असतो. श्रवणयंत्राची बॅटरी संपून आठवडा उलटलेला असतो. टीव्ही चालू ठेवून, स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेली गोष्ट मनात रुजतच नाही. समोर बसून, तोंडाकडे पाहून, एका वेळी एकच गोष्ट सांगा. ‘विसरभोळेपणा’ निम्म्याने कमी झाल्याचे अनेक घरांत दिसते.

आठवण म्हणजे फाईल नव्हे

आता उपमेचे पाय लटपटतात ते पाहू. संगणकात फाईल ठेवली की ती जशीच्या तशी परत मिळते. माणसाची आठवण तशी नसते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक प्रयोग वर्णिला आहे. त्यांनी इंग्रज वाचकांना अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाच्या अंतराने पुन्हा पुन्हा सांगायला लावली. दर खेपेस कथा थोडी बदलत गेली. अनोळखी गोष्टी गळाल्या, उरलेल्या वाचकांच्या ओळखीच्या साच्यात बसल्या. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून प्रश्न विचारले. ‘गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता’ असे विचारलेल्यांपैकी अधिक जणांना, आठवड्यानंतर, फुटलेल्या काचा पाहिल्याचे ‘आठवले’. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती.

याचा अर्थ असा की आठवण आपण प्रत्येक वेळी नव्याने उभी करतो. झाडीपट्टीतील नाटकाचा प्रयोग दर रात्री नव्याने उभा राहतो, संवाद तेच असले तरी एखादे वाक्य पुढे-मागे होते, तसेच काहीसे हे आहे. स्मृती दुबळी झालेल्या माणसाला हे प्रयोग उभे करताना मधले तुकडे सापडत नाहीत, म्हणून तो जवळचे जे सुचेल ते भरतो. ‘मी आत्ताच बँकेत जाऊन आलो’ असे बाबा म्हणतात, प्रत्यक्षात ते आठवडाभर घराबाहेर पडलेले नसतात. हे खोटे बोलणे नव्हे. ‘काहीही सांगता’ म्हणून त्यांना चारचौघांत खोटे पाडू नका. ‘बँकेचे काम होते वाटते? चला, पासबुक पाहू या’ असे म्हटले तरी पुरते. घरातील पैसे चोरीला गेल्याचा आरोप सुनेवर होतो, तोही अनेकदा असाच, ठेवलेली जागा आठवत नाही या रिकामेपणातून जन्मतो. सून दुखावते, हे स्वाभाविक आहे. पण आरोप करणारा आजार आहे, आई नव्हे, हे घरातील इतरांनी तिला उघडपणे सांगितले पाहिजे.

एकच ‘मेमरी’ नसते

संगणकात स्मृती एका जागी आणि प्रक्रिया करणारा भाग दुसऱ्या जागी असतो. मेंदूत अशी विभागणी नाही. सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींचे जाळेच साठवणही करते आणि विचारही करते. हे सारे चालते ते जुन्या काळच्या मंद दिव्याला लागेल एवढ्या, जवळपास २० वॅट ऊर्जेवर.

या जाळ्यात आठवणींचे प्रकारही निराळे असतात. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर फेपऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली. तीत हिप्पोकॅम्पस या भागाचा बराचसा अंश दोन्ही बाजूंनी काढला गेला. फेपरे कमी झाले, पण नव्या घटना लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला शिकवले. दररोज त्याला वाटे, आपण हे प्रथमच करीत आहोत. हात मात्र दिवसेंदिवस सफाईने चालत गेला. मनाला न आठवणारी गोष्ट हाताला आठवत होती.

तुमच्या घरातही हेच दिसेल. सकाळी जेवल्याचे न आठवणारी आजी तांदूळ निवडायला बसली की एक खडा सुटू देत नाही. भाकरी थापताना तिचा हात चुकत नाही. नातवाचे नाव विसरलेले आजोबा भजनाच्या साथीला टाळ धरतात तेव्हा ठेका सोडत नाहीत. रोवणीच्या वेळची गाणी, पहिल्या पाळीला निघण्याची सवय, देवपूजेचा क्रम या गोष्टी उशिरापर्यंत टिकतात. तेव्हा ‘आता तुम्ही काही करू नका, बसून राहा’ असे म्हणून ही कामे काढून घेऊ नका. विळी, गॅस, रॉकेल अशा धोक्याच्या वस्तू दूर ठेवा. निवडणे, घड्या घालणे, फुले वेचणे, शेंगा सोलणे राहू द्या. कामाबरोबर माणसाचा मानही टिकतो.

भावनेचेही असेच आहे. स्मृती गमावलेल्या रुग्णांना आनंदी व दुःखी चित्रफिती दाखविण्याचे प्रयोग २०१० आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१४ च्या प्रयोगात अल्झायमरचे रुग्ण होते. काय पाहिले ते विसरल्यानंतरही पाहून वाटलेली भावना त्यांच्या मनात रेंगाळत राहिली. सकाळी तुम्ही आईवर ओरडलात, तर ओरडण्याचे कारण ती दहा मिनिटांत विसरेल. तिची बेचैनी मात्र दुपारपर्यंत उरेल. याची दुसरी बाजूही आहे. लेकीची भेट तिला आठवत नसली तरी भेटीने आलेला निवांतपणा वाया जात नाही. ‘तिला काय कळतंय, मग जायचे कशाला’ असे म्हणणाऱ्या नातलगांना हे जरूर सांगा.

यंत्राला तहान लागत नाही

डॉक्टर म्हणून सर्वांत मोठा धोका येथे दिसतो. संगणकाला शरीर नसते. मेंदू मात्र रक्त, पाणी, साखर, क्षार आणि प्राणवायू यांवर जगतो. शरीराच्या वजनाच्या अवघ्या २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. त्यामुळे शरीरात कोठेही बिघाड झाला की वृद्धांमध्ये तो प्रथम डोक्यात दिसू शकतो.

मे महिन्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावलेली असते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर शरीरातील पाणी आणि सोडियम आणखी उतरते. मग काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित बोलणारे आजोबा आज भलतेच बडबडू लागतात, रात्रभर जागतात, दिवसा गुंगीत पडतात, माणसे ओळखत नाहीत. याला डिलिरियम किंवा तीव्र भ्रमावस्था म्हणतात. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अडलेली लघवी, बद्धकोष्ठ, साखर एकदम कमी होणे, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या यांनीही असे होते. वृद्धांमध्ये जंतुसंसर्गात ताप असेलच असे नाही. कारण शोधून उपचार केला तर बहुतेकांत ही अवस्था ओसरते, थांबले तर मात्र जीवावर बेतू शकते. म्हणून नियम लक्षात ठेवा: काही तासांत किंवा दिवसांत आलेला गोंधळ हा वयाचा परिणाम नसतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर तो पक्षाघात समजून लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. पडल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी सुस्ती, डोकेदुखी आणि विसराळूपणा वाढत गेला तर मेंदूच्या आवरणाखाली रक्त साठले असण्याची शक्यता असते. सीटी स्कॅनमध्ये ते दिसते आणि त्यावर उपचार आहे.

हळूहळू वाढणाऱ्या विस्मरणातही सुधारण्याजोगी कारणे आधी शोधावी लागतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडची मंदगती, रक्तक्षय, अनियंत्रित मधुमेह आणि नैराश्य ही त्यांतली नेहमीची. जोडीदाराच्या निधनानंतर ‘डोकेच चालत नाही’ म्हणणाऱ्या व्यक्तीचे डोके शाबूत असते, मन खचलेले असते. डॉक्टरकडे जाताना सर्व औषधे पिशवीत घालून न्या. शेजाऱ्यांनी सुचविलेल्या गोळ्या आणि काढेही त्यात असू द्या. गोंधळ केव्हा सुरू झाला, अचानक की हळूहळू, ते एका कागदावर लिहून ठेवा.

साधे विसरणे आणि आजार

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार ६० वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. संख्या मोठी आहे, पण ६० ओलांडलेल्या शंभरांतील ९२ जणांना तो नाही, हेही त्यातच लिहिले आहे. चष्मा कोठे ठेवला ते विसरणे साधे. चष्मा कशासाठी असतो ते न कळणे गंभीर. ओळखीच्या माणसाचे नाव उशिरा आठवणे साधे, रोजच्या रस्त्यावर घर न सापडणे गंभीर. हिशेबात एखादी चूक साधी, आयुष्यभर केलेल्या भाजीचा क्रमच न सुचणे गंभीर. विस्मरणाने रोजची कामे अडू लागली तर तपासणी करून घ्यावी.

नामवंत वैद्यकीय नियतकालिक ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले आणि त्यांवर काम केल्यास जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांत आजार टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल असा अंदाज दिला. उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, न सुधारलेली दृष्टी, धूम्रपान, अतिमद्यपान, एकटेपण, नैराश्य, व्यायामाचा अभाव आणि डोक्याला मार हे त्यांत आहेत. हवेचे प्रदूषणही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये जाहीर केलेल्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूर होते आणि त्यात घुग्घुसचाही समावेश होता. हवा एकट्याने सुधारणार नाही, त्यासाठी गावाने मागणी लावून धरली पाहिजे. पण कचरा दाराशी न जाळणे, धुळीच्या वेळी फिरायला न जाणे, घरात केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसणे एवढे आपल्या हाती आहे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

पाहुणे आले की ‘सांगा बरे, हे कोण?’ अशी परीक्षा घेण्याची पद्धत बहुतेक घरांत आहे. पासवर्ड विचारावा तसा हा प्रश्न असतो, आणि चुकले की माणूस ओशाळतो. त्याऐवजी ‘आई, वणीचा सुरेश आलाय, तुझा भाचा’ असे आपणच सांगावे. दिनक्रम ठरलेला ठेवावा. मोठ्या अक्षरांचे कॅलेंडर आणि घड्याळ समोर लावावे. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा असावा. उन्हाळ्यात दर दीड-दोन तासांनी पाणी, ताक किंवा पन्हे हातात द्यावे. तहान लागल्याची वाट पाहू नये. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे, आणि मधुमेहींच्या पन्ह्यात साखर-गूळ घालू नये.

तुमचेही मन यंत्र नाही. एकाच सुनेने किंवा एकाच मुलीने चोवीस तास ही जबाबदारी वाहायची आणि इतरांनी फोनवरून सूचना द्यायच्या, ही वाटणी अन्यायाची आहे. आठवड्यातून किमान एक दुपार दुसऱ्या कोणी तरी सांभाळावी, हे घराने बसून ठरवावे. झोप उडाली, रडू येऊ लागले, हात उगारावासा वाटू लागला तर तो मदत मागण्याचा क्षण समजावा. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक त्यासाठीच आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. मराठीतून बोलता येते.

पुढच्या वेळी घरात कोणी ‘डोके हँग झाले’ म्हणाले, तर एवढे तीन प्रश्न विचारा. हे आजच सुरू झाले का? नीट ऐकू येते, दिसते, पाणी पोटात जाते का? आणि गेल्या महिन्यात कोणती नवी गोळी सुरू झाली? या तीन उत्तरांनी तुमच्या डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होईल.